नवं मॉडेल कवा येतंय

४ जानेवारी, उंब्रज

रविवार. चहा झाला की फोनची फेरी, हा माझा जुना नेम. पुण्याला नात प्राजक्ता : घसा सुटला का? सुटला, पण आवाज अजून फाटक्या ढोलासारखा. वाईला थोरली बहीण : गुडघे कसे आहेत? "हायत, दोन्ही जागेवर हायत" म्हणाली. मलकापूरचा धाकटा भाऊ : साखर किती? "संक्रांत झाल्यावर इचार." सुनेची कंबर घरातच, ती उठून जाऊन विचारली. फोन खाली ठेवतोय तोवर बायको, हौसा, चुलीपाशनं, "सगळ्या गावाची तब्येत इचारून झाली. माझी कवा इचारणार, तिरडीवर?" तिची पण विचारली. टाच दुखते म्हणाली.

शेवटचा फोन सांगलीला, भूपालच्या घरी. पूर्वी हा पहिला असायचा आणि हौसाचं जेवण गार होईस्तोवर चालायचा. जन्मभर हळदीच्या पेठेत दोघांनी मिळून दलाली केली. तो सांगलीचा जैनांचा, मी इकडचा. दिवाळीनंतर त्याला झटका आला. उजवी बाजू गेली आणि बोलणं गेलं. समजतं सगळं. फक्त तोंडातून शब्द येत नाही.

फोन पद्मावहिनींनी उचलला. म्हणाल्या, "भावजी, त्या बोलायला शिकवणाऱ्या बाई येत्यात न्हवं, त्या म्हणत्यात तोंडातनं येईस्तोवर हातानं लिवू द्या. डावा हात चालतोय. मोबाईलवर ह्यांचं बोट मावत न्हाई, एक दाबायला जात्यात, तीन लागत्यात. लॅपटॉप घ्या म्हणत्यात. आता कुठला घ्यायचा? मी ह्यांस्नी इचारलं, तर भिंतीवरच्या तुमच्या फोटोकडं हात केला. तुमी सांगाल तो घ्यायचा."

म्हणजे आलं माझ्यावर. मी सातवीपर्यंतचा गडी. प्राजूने तिचा जुना लॅपटॉप दिला, मेल कसा पाठवायचा ते दाखवलं, पुढचं पडत-झडत शिकलो. त्यातलं 'क'चं बटण निघून आलंय, आतलं रबर दाबून काम चालवतो. एवढीच माझी विद्या.

५ जानेवारी

प्राजू : "आजोबा, आत्ता अजिबात घेऊ नका. नवीन मॉडेल येतंय. मार्चमध्ये येईल म्हणतायत सगळे."

मी : सगळे म्हणजे कोण?

"लीक झालंय."

लीक म्हणजे काय ते विचारलं. जो माल अजून दुकानात नाही, कंपनी त्याबद्दल तोंड उघडत नाही, पण कुणीतरी फोटो बघितलाय, कुणीतरी कारखान्यातल्या माणसाशी बोललंय, ते लीक. मला हसू आलं. अगं, आमची पेठ सगळी लीकवरच तर चालायची! निजामाबादला पाऊस किती झाला, इरोडच्या व्यापाऱ्याने किती पोत्यांचं बारदान मागवलं, यावरून आम्ही सांगलीत बसून भाव ओळखायचो. ट्रंक कॉल लागायची वाट बघत भूपाल आणि मी टपरीवर बसून राहायचो. तो म्हणायचा वाढणार, मी म्हणायचो पडणार. त्यातच चहावर चहा.

तर नव्या मॉडेलात बदल असे. बटणं जाणार. दोन्ही पानं काचेची. पाटासारखं सपाट उघडणार. आणि काचेवर बोटाने मराठी अक्षर काढलं की त्याचं छापील होणार.

हे ऐकलं आणि माझं ठरलं. भूपालला बटणं शोधत बसायला नको. त्याचं बोट म्हणजे काय चीज आहे, ते मला ठाऊक.

नवा माल वेशीत आला असताना जुना कुणी उचलत नाही. वहिनींना फोन केला, थांबा. मार्च. त्या "बरं" म्हणाल्या. मागून भूपालचा हुंकार ऐकू आला. पसंती असावी.

१२ जानेवारी, सांगली

कराडला एसटी बदलून आलो. भूपाल गॅलरीत कॉटवर. दाढी वहिनींनी केलेली, एका गालावर राहिलेली. मला बघून डोळ्यांत पाणी, माझ्याही. मग दोघांनी एकमेकांना बघून ते पुसून टाकलं.

काय बोलायचं? मी बोलत होतो, तो ऐकत होता. जन्मात असं कधी झालं नव्हतं. उलटंच असायचं.

मग सुचलं. गळ्यातला टॉवेल काढला, त्याच्या डाव्या हातावर माझा हात ठेवला आणि वरून टॉवेल टाकला. त्याचा चेहरा असा उजळला! आमच्या पेठेत सौदा असाच व्हायचा. घेणाऱ्याचा नि देणाऱ्याचा हात रुमालाखाली, बोटं दाबून भाव सांगायचा, भोवतीच्या माणसाला पत्ता लागायचा नाही. एक बोट धरलं की एक, सगळा पंजा धरला की पाच. गच्च मूठ आवळली की सौदा पक्का. हात रुमालातून काढून घेतला की मोडला. उजव्या हाताचं हे काम, आज डाव्याने केलं. उलट्या बाजूने शर्ट घातल्यासारखं वाटलं, पण चाललं.

"बोल गड्या, आजच्या आमटीचा भाव काय?"

एक बोट दाबलं.

वहिनी दारातून, "काय म्हणले?"

"एक."

"एक? सकाळधरनं आमटीला उभी हाय मी, तिला एक?"

"मीठ कमी हाय म्हणतोय."

अर्ध्या तोंडाने हसला. मग विचारलं, बोलायला शिकवणाऱ्या बाईंचा भाव? पाचही बोटं. वहिनी म्हणाल्या, "व्हय तर! तिला पाच! ती गोड बोलती, मी गोळ्या देती."

मग हळूच विचारलं, "आतनं कसं वाटतंय रं?"

हात तसाच राहिला. दाबला नाही, सोडला नाही. आकड्यात काय सांगणार बिचारा.

त्याला मॉडेलबद्दल सगळं सांगितलं. काच. नुसतं बोट फिरवायचं. मार्चमध्ये येतंय, तोवर दम धर. त्याने मूठ आवळली. पक्का.

सूर्य बुडायच्या आत वहिनींनी दोघांनाही जेवायला घातलं. या घरातला नेम अजून तसाच. आमटीत मीठ खरंच कमी होतं.

१४ जानेवारी

संक्रांत. तिळगूळ घ्या, गोड बोला म्हणायला सगळ्यांना फोन. सांगलीला केला नाही.

२१ जानेवारी

पेपरात आलंय, नवी हळद यायला लागली. दिवसभर नाकात वास. यंदाची नाही, त्या दिवसांतली.

हरिपूरची पेवं आठवली. जमिनीत खोल खणलेली, तोंडाशी माणूस उतरेल एवढीच, आत खोलीएवढी. त्यात हळद भरून वर माती लिंपायची. वर्षं गेली तरी किडा नाही, रंग नाही उतरत. भाव नाही? राहू दे आत. आमचा सगळा धंदा त्या एका गोष्टीवर, की थांबलं तरी माल बिघडत नाही. महापुराने पेवं गेली. आता शीतगृहं आली, तिथं वास नाही काही नाही.

पेव उघडलं की आधी आतली वाफ जाऊ द्यायची. मग कंदील सोडायचा. विझला तर कुणी उतरायचं नाही. पेटता राहिला की कमरेला दोर बांधून माणूस उतरणार. आणि आत उतरलेल्याने सारखं बोलत राहायचं. काहीही. वरच्यांनी ऐकायचं. आतला गप्प झाला की कारण विचारायचं नाही, दोर ओढायचा.

उतरायला हमाल असले तरी भूपाल स्वतः उतरायचा. "वरचा माल सगळ्यांचाच चांगला असतोय, मला तळाचा बघायचाय." आणि आतून त्याचं चालू. अडत्याच्या नावाने, मालकाच्या नावाने, माझ्या नावाने. "तात्या, दोर धरलाईस का तंबाखू मळतोयास?" एकदा तर आतून लग्नात म्हणायची मंगलाष्टकं लावली. वर आम्ही हसून बेजार, आणि दोर हातातून सुटायची वेळ.

हौसाला सांगितलं तर म्हणाली, "त्यांचं बोलणं मला अजून ऐकू येतंय. आपल्या लग्नात पंगतीत उभं राहून काय काय बोलले हुते, माझा बाप जेवायचा थांबला हुता."

३० जानेवारी

प्राजूने फोटो पाठवला. नव्या मॉडेलचा, लीक झालेला. अंधुक. रंग पिवळा!

मी तो वहिनींच्या फोनवर पाठवला, खाली लिहिलं : भूपालला विचारा, ही हळद सेलम का राजापुरी?

वहिनींचा फोन : "लय हसले. खोकला आला हसून."

मग मी दिवसभर त्या फोटोत डोकं घालून. कड गोल आहे का? बिजागरी दिसते का? बटणं नाहीत हे नक्की, का फोटो वरून काढलाय? प्राजूशी तासभर वाद. ती म्हणते वजन निम्मं होणार. मी म्हणतो काच आणि निम्मं वजन, कसं शक्य आहे? ती म्हणते, "आजोबा, तुम्ही माझ्या ऑफिसात या, तिथं पण हेच चाललंय."

हौसा : "आवं, जे अजून जन्मलं न्हाई त्येचं नाक कुणावर गेलंय ह्यावर किती बोलायचं माणसानं?"

बरं वाटलं मात्र. किती दिवसांनी कशाचा तरी अंदाज बांधला.

९ फेब्रुवारी

प्राजू म्हणते मार्चचं नक्की नाही. एप्रिल. मे पण होईल. कारखान्यात काचेचं काहीतरी अडलंय.

वहिनींना सांगितलं नाही. चार दिवस बघू.

११ फेब्रुवारी

मलकापूरला भावाकडे गेलो, तिथून लॅपटॉपच्या दुकानात. घ्यायचा नव्हता, बघायचा होता. पेठेची सवय. व्यापारी तोंडाने काय बोलतो ते ऐकायचं नाही, त्याच्या गोदामात काय आहे ते बघायचं.

मालक भला माणूस. खुर्ची दिली. नवं कधी येतंय विचारलं. "येईल की आजोबा, महिन्याभरात." आणि त्याच वेळी मागच्या दाराने खोकी उतरत होती. आत्ताच्याच मॉडेलची. फडताळ भरलं, खाली जमिनीवर रास लागली.

आता जो माणूस जुना माल एवढा भरतोय, त्याला नवं दारात आलेलं दिसत नाही. मार्च नाही, एप्रिल नाही. माझा अंदाज. चुकेल पण, हळदीत कितीदा चुकलोय.

एसटीत बसल्यावर तेच डोक्यात. मी म्हणालो थांब, आणि तो थांबलाय.

१४ फेब्रुवारी

वहिनींचा फोन, आवाज दबका. भूपाल झोपलेला असावा.

"भावजी, एक सांगू का, रागवू नका. त्या बाईंनी पुठ्ठ्यावर अक्षरांचा तक्ता करून दिलाय. रोज त्यावर बोट ठेवून शब्द करायचा. आधी करायचे. आता करत न्हाईत. पुढं धरला की ढकलत्यात आणि कॅलेंडरकडं हात करत्यात. मार्चाच्या पानाकडं."

मी आमच्या भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघितलं.

"तुमी थांब म्हणलाय म्हणून थांबल्यात. तुमच्यावर लय इस्वास, भावजी. आता तर हुंकार पण देत न्हाईत."

हौसाला सांगितलं. वाटलं टोमणा मारेल. नाही मारला. पिशवीत माझे कपडे भरायला लागली.

१६ फेब्रुवारी, सांगली

काल महाशिवरात्र, एसटीला गर्दी, म्हणून आज.

त्या बाई घरीच होत्या. आमच्या प्राजूएवढी पोर. मी विचारलं, उशीर झाला का? म्हणाली, "सुरुवातीचे महिने जास्त कामाचे असतात आजोबा. पुढेही सुधारतं, पण अक्षर रोज हाताखालून गेलं पाहिजे. लॅपटॉप कुठलाही चालेल. तो येईपर्यंत पाटी-पेन्सिल पण चालेल. तुम्ही कशासाठी थांबलाय?"

काच म्हणालो. तिने बिचारीने मान हलवली.

तक्ता कपाटाच्या वर ठेवलेला. धूळ. भूपाल जमिनीकडे बघत.

बाई गेल्यावर टॉवेल टाकला. "भूपाल, मार्चाचं काय खरं न्हाई बग. कवा येईल सांगता येत न्हाई. सौदा मोडतो."

मूठ आवळली त्याने. पक्का. सोडेना. म्हणजे माझ्या शब्दावर माझ्यापेक्षा जास्त तो उभा. पेठेत आम्ही कितीदा असे बसलो, एकमेकांच्या हातातून हात मी कधी आधी काढला नव्हता. आज काढला. ओढून काढावा लागला.

माझ्याकडे बघत राहिला. चिडला असावा.

मी म्हणालो, "लेका, ती हळद हुती, राहिली असती आत. तू गप्प झालाईस. पेवात गप्प झालेल्याला काय करत्यात? दोर ओढत्यात का न्हाई? मग मी वर बसून तंबाखू मळत बसू?"

तेव्हा तोंडाची ती अर्धी बाजू हलली. हसला का रडला ते कळलं नाही. वहिनी आत निघून गेल्या.

उद्याच घेणार. हौसाला फोन केला.

"उद्या? आवं उद्या आवस हाय! आवसंला पेठ सुदिक बंद असती!"

"पेठ बंद असती. लॅपटॉपचं दुकान उघडं असतंय."

तिकडे भांडं आपटल्याचा आवाज. मग, "बरं. खोक्यावर लिंबू तरी ठेवा."

१७ फेब्रुवारी, सांगली

अमावस्येला आयुष्यात कवडीचा सौदा केला नाही, आज केला.

दुकानदार म्हणाला, "आजोबा, पाडव्याला या, तेव्हा योजना असते." आणि वर, "नवीन पण येतंय म्हणे." मी म्हटलं, येऊ दे, त्याला पण बघायला येईन. आत्ता बटणं असलेला दाखव.

चार मांडून ठेवले. डोळे मिटून एकेकाची बटणं दाबून बघितली. हळकुंड घेताना आम्ही मोडून बघायचो, कट्टकन आवाज आला पाहिजे. मऊ मोडलं म्हणजे आत ओल. एका मशीनची बटणं मऊ, बोट कुठं लागलं कळत नाही. दुसऱ्याची टक् टक्. तेच घेतलं. अक्षरं मोठी दिसतात. मराठी अक्षरांच्या चिकटपट्ट्या त्याच्याच माणसाने लावून दिल्या, एक वाकडी लागली, ती तशीच राहू दिली.

घरी वहिनींनी आवस असूनही मशीनच्या कोपऱ्यात हळदीकुंकवाचं बोट लावलंच. मी वास घेतला.

"वहिनी, ही हळद कुठली?"

"पाकिटातली, भावजी."

"हळदीच्या दलालाच्या घरात पाकिटातली हळद! भूपाल, ऐकलंस का?"

ऐकलं होतं. खांदे हलत होते. झटक्यानंतर मी त्याला पहिल्यांदाच असा मोकळा हसताना बघितलं.

मशीन पुढ्यात ठेवलं. त्याने डाव्या हाताचं बोट 'त'वर ठेवलं. माझं नाव लिहिणार असावा. दाबलं, आणि दाबूनच धरलं. पडद्यावर त त त त त, ओळ भरली, दुसरी भरली. वहिनी घाबरल्या, बिघडलं म्हणून. माझ्या लक्षात आलं. रुमालाखाली बोट दाबून धरायचं असतं, समोरच्याला कळेस्तोवर सोडायचं नाही. सोडलं तर भाव कच्चा. तो जन्मभराच्या सवयीने दाबून धरत होता.

"आरं सोड, सोड! हे मशीन व्यापारी न्हाई, त्येला एकदा सांगितलं की कळतंय. टिचकी मार."

दुपारभर तेच. टिचकी मार, टिचकी. मला उगाच वाईट वाटत होतं, त्याच्या हातातली एवढी जुनी कला आणि मी ती मोडायला सांगतोय. संध्याकाळी 'त' एकटा आला. एकच.

कपाटावरचा तक्ता त्याने स्वतः हात करून खाली काढायला लावला.

२३ फेब्रुवारी, उंब्रज

प्राजूला सगळं सांगितलं. तिने सगळं ऐकून घेतलं. मग, "आजोबा, मी उगाच सांगितलं तुम्हाला." मी म्हटलं, तू नाही गं. तू बातमी दिलीस, थांबायची सवय माझी होती.

"पण आता नवीन आलं की हे जुनं होईल हं."

"होऊ दे की. आमी दोघं कुठं नवीन हाय?"

२ मार्च

होळी आली. वहिनी म्हणतात रोज सकाळी बसतात, देवपूजा झाली की. अक्षरं येतात, शब्द तुटतो. चिडतात, मशीन ढकलतात, परत ओढतात. काल 'पाणी' लिहिलं. पाणी देईस्तोवर 'नको' लिहायला घेतलं, ते पुरं व्हायच्या आत पिऊन टाकलं.

बाई म्हणाल्या, सांगता येत नाही किती येईल. येईल तेवढं येईल.

मीही रोज मेल टाकतो. उत्तर नाही. मी लिहितो, ते वहिनी वाचून दाखवतात.

१० मार्च

प्राजूची नवी बातमी. बटणं जाणार नाहीत म्हणे! लोकांनी ओरड केली, आमची बोटं आंधळी होतील म्हणाले, तर कंपनी बटणं ठेवणार. काच फक्त वरच्या बाजूला पट्टीसारखी. पिवळा रंग रद्द. दुसरा एक म्हणतो पिवळाच येणार. वेळ जून, का दिवाळी, कुणालाच नाही ठाऊक.

हौसा : "संपलं का न्हाई अजून त्ये?"

आता घ्यायचं नाही काही नाही, तरी रोज सकाळी आधी तेच बघतो. टपरीवर ट्रंक कॉलची वाट बघत बसायचो, तसंच. फरक एवढाच, की शेजारी बसून "पडणार न्हाई, वाढणार" म्हणून हट्ट धरणारा नाही.

१९ मार्च

पाडवा. गुढी उभारली. सुनेने कडुनिंबाची चटणी अशी केली की मलकापूरच्या भावाची साखर पळून जाईल.

दुपारी लॅपटॉप उघडला. मेल. नाव भूपालचं.

मला वाटलं वहिनींनी पाठवला असेल, शुभेच्छा. उघडला. एकच ओळ.

तात्या नवं कवा येतंय

चष्मा काढला, पुसला, परत वाचलं. मग हौसाला हाक मारली. ती पिठाच्या हाताने आली. वाचून म्हणाली, "घ्या! आता हे दोघं झालं." आणि पदराने डोळे पुसायला लागली, तर तोंडाला सगळं पीठ.

वहिनींना फोन. म्हणाल्या, सकाळी गुढी उभी केल्यापासून बसले होते. त्या मदतीला गेल्या तर हात झटकला. लाडू खायला उठले नाहीत. "मला वाटलं पाणी मागत्यात, का देवाचं नाव लिवत्यात. आणि हे काय हो भावजी, ह्येच्यासाठी एवढा येळ?"

मी म्हटलं, वहिनी, ह्याच्यासाठीच.

२० मार्च

भूपालला पाठवलेला मेल इथं उतरवून ठेवतो :

गड्या भूपाल,

तुझा हात कसा आहे? वहिनींचा रक्तदाब? लेकाची बदली झाली का? तुमच्या मांजरीला पिल्लं होणार होती, झाली का? इकडे हौसाची टाच बरी आहे, माझा डावा डोळा पाणावतो पण त्याला कारण तू आहेस. प्राजूचा घसा सुटला. वाईच्या अक्काचे गुडघे दोन्ही जागेवर.

आता तुझ्या प्रश्नाचं. कंपनी बोलत नाही. प्राजूची मंडळी जून म्हणतात. मलकापूरच्या दुकानात खोक्यांची रास अजून हललेली नाही, गेल्या आठवड्यात बघून आलो. म्हणून माझा अंदाज दिवाळीनंतर. बटणं राहणार, असं मला वाटतं. रंगाबद्दल दोन बातम्या आहेत, एक पिवळ्याची, एक करड्याची. मी करड्यावर आहे. वजन कमी होणार यावर माझा अजून विश्वास नाही.

तू नक्की उलटं म्हणणार. म्हण. पण का म्हणतोस ते लिही, नुसतं वाढणार, वाढणार लिहू नको. आणि आलं की दोघं मिळून दुकानात जाऊ, घ्यायला नाही, बघायला. बटणं मोडून बघू.

लवकर लिही. एका शब्दाचं का असेना. माझ्या नावानं, अडत्याच्या नावानं, हौसाच्या बापाच्या नावानं, काहीही लिही. दोर मी धरलाय. वर ऐकू येत राहू दे.

तात्या